ब्लिझार्ड नक्की कोणाची होती? अ‍ॅक्टिव्हिजनने विकत घेतली म्हणतात ते खरं का?

निद्रानाश:
मंडळी, विषय जुनाच आहे पण मला एका जागी नीट उत्तर कुठे सापडत नाहीये म्हणून धागा काढतोय. काल रात्री ग्रुपमध्ये ब्लिझार्डचा डायब्लो हा गेम खेळता खेळता ती कंपनी कोणाची यावरून वाद पेटला. एकाचं म्हणणं, २००८ ला दुसऱ्या गेम कंपनीने, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिजनने ब्लिझार्ड विकत घेतली आणि तिथून सगळी वाट लागली, त्याआधी ब्लिझार्ड म्हणजे कशी एकदम स्वतंत्र, कोणाच्या बापाला न विचारणारी कंपनी. दुसरा म्हणाला हे खोटं आहे, तिच्यावर आधीपासून विवेन्डी नावाची फ्रेंच कंपनी बसलेली होती. त्यावर तिसऱ्याने सोडलं की विवेन्डी तर पाण्याची कंपनी, नळाला पाणी सोडणारी. यावर आम्ही एवढे हसलो की गेममधल्या बॉसने तेवढ्यात दोनदा मारलं.
मग मी विकीवर बघायला गेलो तर डेव्हिडसन, सीयूसी, सेंडंट, हावास, विवेन्डी युनिव्हर्सल अशी नावांची रांगच लागली आणि डोकं भणभणलं. आता तर मायक्रोसॉफ्ट. कोणी सोप्या भाषेत सांगेल का की कोणी कोणाला कधी घेतलं? आणि मुख्य म्हणजे २००८ आधी ब्लिझार्ड स्वतंत्र होती का? पैज लागलीय.

जुना_जॉयस्टिक:
तुमचा तिसरा मित्र बरोबर आहे, त्याला हसू नका :)
पैजेचं आधी सांगतो. ब्लिझार्ड स्वतंत्र होती ती १९९१ ते १९९४, म्हणजे जेमतेम तीन वर्षं, आणि त्या तीन वर्षांत तिचं नावसुद्धा ब्लिझार्ड नव्हतं. अ‍ॅलन अ‍ॅडम, माइक मोरहाइम आणि फ्रँक पिअर्स, तिघंही यूसीएलए विद्यापीठातून बाहेर पडलेले, त्यांनी १९९१ मध्ये सिलिकॉन अँड सिनॅप्स म्हणून कंपनी काढली. दुसऱ्यांचे गेम एका मशीनवरून दुसऱ्यावर आणून द्यायचे, इंटरप्ले या गेम कंपनीसाठी कामं करायची, असं चाललं होतं. लॉस्ट व्हायकिंग्ज, रॉक अँड रोल रेसिंग हे तेव्हाचे. मग काही काळ नाव केऑस स्टुडिओज, आणि १९९४ मध्ये ब्लिझार्ड.
आणि त्याच १९९४ च्या सुरुवातीला त्यांनी कंपनी विकली! डेव्हिडसन अँड असोसिएट्सला, साधारण ६७.५ लाख डॉलर्सच्या शेअर्समध्ये. पहिला वॉरक्राफ्ट आला त्याच वर्षाच्या शेवटी. म्हणजे वॉरक्राफ्ट, डायब्लो, स्टारक्राफ्ट, ज्याच्या ज्याच्या आठवणीने आपण गहिवरतो ते सगळंच्या सगळं कुणीतरी मालक असतानाच बनलंय.
डेव्हिडसन कोण तर मुलांना गणित शिकवणारं सॉफ्टवेअर विकणारे. मॅथ ब्लास्टर त्यांचंच. नवरा-बायकोची कंपनी, बॉब आणि जॅन डेव्हिडसन. पण माणसं समजूतदार निघाली, गेममध्ये लुडबुड केली नाही, पैसे दिले आणि करा म्हणाले. डायब्लो बनवणारी काँडोर नावाची छोटी कंपनी पण त्यांच्याच काळात, १९९६ ला घेतली गेली, तीच पुढे ब्लिझार्ड नॉर्थ.
आता खरी गंमत. १९९६ मध्ये सीयूसी इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने डेव्हिडसन आणि सिएरा (हो, किंग्ज क्वेस्टवाली) दोन्ही एकाच झटक्यात उचलल्या, दोन्ही मिळून दोन अब्ज डॉलर्सच्या आसपास आणि सगळं शेअर्समध्ये. सीयूसीचा धंदा काय, तर सवलतीत खरेदीच्या क्लबची मेंबरशिप विकायची. १९९७ च्या शेवटी ती एचएफएसमध्ये मिसळली, म्हणजे रमाडा आणि डेज इन ही हॉटेलं, एव्हिसच्या भाड्याच्या गाड्या, सेंच्युरी २१ ची घरं विकणारे एजंट. नवीन नाव सेंडंट. विचार करा, एकाच छपराखाली मोटेल, भाड्याची गाडी आणि स्टारक्राफ्टमधले झर्ग एलियन.
स्टारक्राफ्ट आला ३१ मार्च १९९८ ला. आणि १५ एप्रिलला सेंडंटने जाहीर केलं की सीयूसीच्या हिशेबात घोळ आहे. दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ निम्म्यावर आला, एका दिवसात १४ अब्ज डॉलर्सच्या आसपास उडाले. सीयूसीने कित्येक वर्षं नफा फुगवून दाखवला होता. अमेरिकेत तोवरच्या सगळ्यात मोठ्या हिशेबी घोटाळ्यांपैकी एक, एनरॉन तर नंतर आलं. सीयूसीचा प्रमुख वॉल्टर फोर्ब्स याला पुढे २००७ मध्ये बारा वर्षं सात महिन्यांची शिक्षा झाली.
मग सेंडंटने घरातली भांडी विकायला काढावी तसा सॉफ्टवेअरचा धंदा विकायला काढला आणि तो गेला फ्रान्सच्या हावासकडे. हावासला त्याच वर्षी गिळलं विवेन्डीने. आणि विवेन्डी म्हणजे पूर्वाश्रमीची कोंपानी जेनेराल देझो, १८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने निघालेली, लिऑन शहराला पाणीपुरवठा करायला. झालं तुमच्या मित्राचं पाणी.
हात दुखले. पुढचं कोणीतरी लिहा.

मिरी:
@जुना_जॉयस्टिक दादा, दंडवत. स्टारक्राफ्ट आणि घोटाळा यात जेमतेम दोन आठवडे होते हे मला माहीत नव्हतं.
तेव्हा ते लोक ऑफिसमध्ये बसून करत काय असतील, गेम लाखांनी खपतोय आणि हातातल्या शेअर्सचा कागद झालाय.

खतावणी:
पुढचं मी लिहितो. मी फारसा खेळत नाही, पण कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची वाईट खोड आहे.
विवेन्डीचा प्रमुख तेव्हा झाँ-मारी मेसिए. त्याला पाणीबिणी नको होतं, त्याला हॉलिवूड हवं होतं. २००० मध्ये त्याने कॅनडाची सीग्रॅम घेतली, ती मूळची दारूची कंपनी पण तिच्याकडे युनिव्हर्सलचा स्टुडिओ आणि म्युझिक होतं. झाली विवेन्डी युनिव्हर्सल. एवढं कर्ज करून ठेवलं की २००२ सालात २३.३ अब्ज युरोंचा तोटा, जुलैमध्ये मेसिएला जावं लागलं आणि नवीन लोकांनी दिसेल ते विकायला सुरुवात केली.
२००३ मध्ये गेमचा धंदासुद्धा विकायला काढला होता. मनासारखी किंमत आली नाही म्हणून राहिला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि दर महिन्याला वर्गणी देणारी गिऱ्हाइकं मिळाली, शिखरावर असताना १.२ कोटी. त्या २००३ मध्ये कोणी गिऱ्हाईक जरा जास्त पैसे घेऊन उभं राहिलं असतं तर हा धागाच वेगळा झाला असता.
आता तुमच्या पैजेचा दुसरा भाग. "अ‍ॅक्टिव्हिजनने ब्लिझार्ड घेतली" हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं पण ते उलटं आहे. डिसेंबर २००७ मध्ये जाहीर झालं, जुलै २००८ मध्ये पूर्ण झालं. विवेन्डीने स्वतःचा गेमचा धंदा (किंमत धरली ८.१ अब्ज डॉलर्स) आणि वर १.७ अब्ज रोख असं अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये टाकलं आणि बदल्यात एकत्र कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर्स घेतले. म्हणजे मालक विवेन्डी. फक्त सीईओच्या खुर्चीवर अ‍ॅक्टिव्हिजनचा बॉबी कोटिक बसला आणि शेअर बाजारात आधीपासून असलेली कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन होती म्हणून तीच पुढे चालू राहिली, नाव बदलून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड. हिशेबाच्या भाषेत याला उलटं अधिग्रहण म्हणतात. नवीन कंपनीच्या वह्यांमध्ये जुलै २००८ च्या आधीचे आकडे बघा, ते अ‍ॅक्टिव्हिजनचे नाहीतच, विवेन्डी गेम्सचे आहेत! वह्यांपुरतं बोलायचं तर ब्लिझार्डच्या घराने अ‍ॅक्टिव्हिजन घेतली.
(कागदावर घेणारा कोण आणि रोज हुकूम सोडणारा कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते मान्य.)

निद्रानाश:
बापरे. म्हणजे पैजेत आम्ही तिघंही अर्धवट. २००८ आधी स्वतंत्र नव्हती, आणि २००८ ला अ‍ॅक्टिव्हिजनने घेतलीही नाही.
पण मग अ‍ॅक्टिव्हिजन आली कुठून? कोटिकनेच काढली ना ती?

मिरी:
नाही हो! कोटिक बारा वर्षांनी उगवला. हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.
सत्तरच्या दशकाच्या शेवटी अटारीत, म्हणजे टीव्हीला जोडायची गेम मशीन विकणाऱ्या कंपनीत, गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेही नसायचं. ना डब्यावर, ना स्क्रीनवर. एक माणूस, एक गेम, सगळं तोच करायचा, चित्र, आवाज, प्रोग्राम, आणि नाव मात्र कंपनीचं. वॉरन रॉबिनेटने वैतागून अ‍ॅडव्हेंचरमध्ये एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचं नाव लपवलं होतं, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. अटारी तेव्हा वॉर्नरच्या मालकीची होती (१९७६ मध्ये २.८ कोटी डॉलर्सना घेतली होती) आणि वर बसवलेले रे कॅसार हे आलेले कापडधंद्यातून.
१९७९ मध्ये मार्केटिंगकडून एक कागद फिरला, कुठलं कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायची गेमची डबी) किती खपलं याचा. हेतू असा की हे खपतं, असं अजून करा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी तो कागद घेऊन बेरीज केली. क्रेन सांगतो त्याप्रमाणे त्या वर्षीच्या साधारण १० कोटी डॉलर्सच्या विक्रीतला ६० टक्के वाटा या चौघांच्या गेम्सचा निघाला, आणि पगार होते वर्षाला वीस-तीस हजारांच्या घरात. चौघं कॅसारकडे गेले, म्हणाले पुस्तकांच्या लेखकांना, गायकांना जसं मिळतं तसं काहीतरी द्या, निदान नाव तरी टाका. उत्तर मिळालं ते क्रेनने नंतर कितीदा तरी सांगितलंय, की कार्ट्रिज जुळवणारा लाइनवरचा माणूस आणि तुम्ही यात काही फरक नाही.
कागद ज्याने फिरवला त्याला नंतर काय वाटलं असेल.
चौघं बाहेर पडले, म्युझिक इंडस्ट्रीतून आलेला जिम लेव्ही त्यांना मिळाला आणि १ ऑक्टोबर १९७९ ला अ‍ॅक्टिव्हिजन सुरू झाली. आधी नाव व्हीसिंक ठेवणार होते! अ‍ॅक्टिव्हिजन हे लेव्हीचं, अ‍ॅक्टिव्ह आणि टेलिव्हिजन मिळून. आणि वर्णक्रमात अटारीच्या आधी येतं हा बोनस. हे सूत्र पुढे सगळ्यांनी उचललं, मिलर आणि व्हाइटहेड १९८४ मध्ये बाहेर पडले तर त्यांनी काढली अ‍ॅकोलेड, ती अ‍ॅक्टिव्हिजनच्या आधी येते. १९८६ मध्ये क्रेन आणि गॅरी किचन यांची निघाली अ‍ॅब्सोल्यूट, ती अ‍ॅकोलेडच्याही आधी. नशीब अजून पुढे कोणी सरकलं नाही.
तर, अ‍ॅक्टिव्हिजनच्या आधी दुसऱ्याच्या मशीनसाठी गेम बनवून विकणारी वेगळी कंपनी असते ही कल्पनाच नव्हती. मशीन ज्याचं गेम त्याचे. अटारीने कोर्टात खेचलं, १९८२ मध्ये तडजोड झाली, अटारीला रॉयल्टी द्यायची आणि गेम करायचे. आज प्लेस्टेशनवर किंवा स्विचवर बाहेरच्या कंपन्यांचे गेम येतात त्या सगळ्याची सुरुवात तिथे. अ‍ॅक्टिव्हिजनच्या माहितीपुस्तिकेत प्रोग्रामरचं नाव, फोटो, त्याने दिलेल्या टिपा. कॅरोल शॉचा रिव्हर रेड, क्रेनचा पिटफॉल, तो १९८२ चा आणि चाळीस लाखांवर खपला.
पण दार उघडलं की सगळेच घुसतात. ज्याला त्याला वाटलं आपणही कार्ट्रिज काढू, कचरा गेम्सचा ढीग लागला, दुकानदारांनी भाव पाडून पाडून विकले आणि १९८३ मध्ये बाजार कोसळला. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅक्टिव्हिजनने शेअर बाजारात पाऊल टाकलेलं. मुहूर्त बघा.

जुना_जॉयस्टिक:
@मिरी ताई, लांबण कसली, अजून लिहा. मीडियाजेनिक येऊ द्या.

मिरी:
येतेय येतेय.
१९८६ मध्ये लेव्हीने झॉर्कवाली इन्फोकॉम ७५ लाख डॉलर्सना घेतली, स्वतःला नुसत्या मजकुरातून खेळायचे गेम आवडायचे म्हणून. थोड्याच दिवसांत लेव्ही गेला, ब्रूस डेव्हिस आला, त्याला ती खरेदी मुळातच पटलेली नव्हती. १९८९ मध्ये इन्फोकॉम बंद. मधल्या काळात १९८८ मध्ये डेव्हिसने कंपनीचं नाव बदलून ठेवलं मीडियाजेनिक, कारण आता आपण ऑफिसची सॉफ्टवेअरंही विकणार. औषधाच्या गोळीसारखं नाव. वरून मॅग्नाव्हॉक्सची पेटंटची केस हरली, कर्ज वाढलं, सगळं ढेपाळलं.
१९९१ मध्ये बॉबी कोटिक, ब्रायन केली आणि मंडळींनी साधारण पाच लाख डॉलर्समध्ये अंदाजे पाव हिस्सा घेऊन ताबा मिळवला. हो, पाच लाख. आजच्या आकड्यांसमोर ठेवून बघा. कोटिकला काय हवं होतं तर अ‍ॅक्टिव्हिजन हे नाव, ते परत लावलं, दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीची फेररचना केली, बहुतेक स्टाफ घरी पाठवला, लॉस एंजेलिसला हलवली. आणि पैसे कुठून आले असतील? ज्या इन्फोकॉमला कुलूप लावलं होतं तिचेच जुने गेम एका डब्यात भरून विकले. ते खपले! मग १९९३ मध्ये रिटर्न टू झॉर्क, १९९५ मध्ये मेकवॉरियर २ आणि गाडी रुळावर.
त्यापुढचं सगळ्यांना माहीत आहे, टोनी हॉक, कॉल ऑफ ड्यूटी, गिटार हीरो. गिटार हीरोचा तर दर दोन महिन्यांनी नवीन डबा काढून काढून जीव घेतला आणि २०११ मध्ये विभागच बंद केला.
एक राहिलं. मार्च २०१० मध्ये कॉल ऑफ ड्यूटी बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डचे प्रमुख जेसन वेस्ट आणि व्हिन्स झाम्पेला यांना काढलं. त्यांचा कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ नुकताच एक अब्ज डॉलर्सच्या पुढे गेलेला. कंपनी म्हणे यांनी करार मोडला, ते म्हणे आमची रॉयल्टी बुडवायला काढलं. दोन वर्षांनी कोर्टाबाहेर मिटलं. त्यांनी तोवर रिस्पॉन ही स्वतःची कंपनी काढलेली. मला हे वाचताना सारखा तो १९७९ चा कागद आठवत होता.

तडकाफडकी:
सगळं छान आहे पण एक मुद्दा तुम्ही लोक हसण्यावारी नेताय. "ब्लिझार्ड कधीच स्वतंत्र नव्हती" म्हणून "म्हणजे २००८ ने काही बदललं नाही" हे बरोबर नाही. मालक असणं आणि मालकाने स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडून बघणं यात फरक आहे. डेव्हिडसनने हात लावला नाही, सेंडंटला ब्लिझार्ड नावाचं काही आपल्याकडे आहे हे तरी माहीत होतं का शंका आहे, विवेन्डीचं ऑफिस पॅरिसला. सगळे लांबचे मालक. कोटिक हा पहिला असा की ज्याला गेमचा धंदा कळत होता. आणि तोच प्रॉब्लेम.
२००८ मध्येच बघा, मर्जर झाल्या झाल्या विवेन्डीकडचे घोस्टबस्टर्स, ब्रूटल लेजंड असे गेम यांनी सोडून दिले, कारण कोटिकच्या म्हणण्याप्रमाणे दरवर्षी सगळ्या मशीनवर काढता येईल असे ते नव्हते. हे त्याने गुंतवणूकदारांना उघडपणे सांगितलेलं आहे. दुसऱ्या कंपन्यांनी ते काढले. ब्लिझार्डला हात लावला नाही कारण वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) नोटा छापत होतं. वॉव उतरायला लागलं तेव्हा लागला हात. २०१८ ला मोरहाइम खुर्ची सोडून गेला, पुढे स्वतःची ड्रीमहेवन काढली.

जुना_जॉयस्टिक:
@तडकाफडकी मुद्दा मान्य, अर्धा. पण लांबचा मालक चांगला असंही नाही हो. ३० जून २००३ ला ब्लिझार्ड नॉर्थचे डेव्हिड ब्रेविक, शेफर बंधू आणि बिल रोपर एका दिवशी बाहेर पडले ते कोणामुळे? विवेन्डी धंदा विकायला बसलेली, यांना कोणी काही सांगेना, आमच्याशी बोला नाहीतर आम्ही राजीनामे देतो म्हणून पत्र लिहिलं आणि राजीनामे मंजूर झाले. डायब्लो बनवणारं डोकं गेलं. २००५ मध्ये नॉर्थ बंदच केली. तेव्हा कोटिक कुठे होता? त्याचा या घराशी संबंधसुद्धा नव्हता.
मालक लांब असला की तो झाकण उघडत नाही हे खरं, पण तो घरच विकायला काढतो आणि तुम्हाला पेपरात वाचून कळतं.

तडकाफडकी:
हे मात्र खरंय. नॉर्थचं विसरलो होतो.

निद्रानाश:
आणि मग विवेन्डी गेली कधी? २०२३ ला मायक्रोसॉफ्टने विवेन्डीकडून घेतली का?

खतावणी:
नाही, विवेन्डी दहा वर्षं आधी गेली. हा माझा आवडता भाग, आता मी लांबण लावतो.
२०१३ मध्ये विवेन्डी पुन्हा कर्जाने दबलेली आणि तिच्याकडे अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डचे ६१ टक्के. जुलैमध्ये सौदा ठरला, एकूण ८.२ अब्ज डॉलर्सच्या आसपास. दोन भाग होते. पहिला, कंपनीने स्वतःच स्वतःचे ४२.९ कोटी शेअर्स विवेन्डीकडून ५.८३ अब्जांना घेतले. दुसरा, कोटिक आणि केलीने जमवलेल्या एका गुंतवणूक गटाने १७.२ कोटी शेअर्स २.३४ अब्जांना घेतले. त्या गटात चीनची टेन्सेंटही होती. दोघांनी मिळून खिशातले घातले १० कोटी डॉलर्स, बाकी इतरांचे. भाव ठरला शेअरला १३.६० डॉलर्स, बाजारभावापेक्षा कमी.
म्हणजे कंपनीच्या पैशाने मालक बाहेर काढला, आणि कंपनी चालवणारेच चौथाई हिश्श्याचे धनी होऊन बसले. काही शेअरधारक चिडून डेलावेअरच्या कोर्टात गेले की हा स्वस्त भाव फक्त यांनाच का. सौदा पार पडला ऑक्टोबरमध्ये, पण पुढच्या वर्षी ती केस मिटवायला २७.५ कोटी डॉलर्स मोजावे लागले. तशा प्रकारच्या केसमध्ये फार मोठी रक्कम आहे ती.
विवेन्डीने उरलेले १२ टक्केही पुढे विकून टाकले. आणि जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच कंपनीला शेअरमागे किती देऊ केले? ९५ डॉलर्स. १३.६० चे ९५, जवळपास सात पट. पॅरिसमध्ये कोणीतरी त्या दिवशी जेवलं नसेल.

मिरी:
यावर अवांतर: विवेन्डी गेम सोडून गेली नव्हती हो. अ‍ॅक्टिव्हिजन विकून मोकळी झाली आणि २०१५ पासून यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचे शेअर्स बाजारातून गोळा करायला लागली, कोणी बोलावलेलं नसताना. यूबीसॉफ्टवाल्या गीमो बंधूंची धाकटी कंपनी गेमलॉफ्ट २०१६ मध्ये ओढून नेली पण यूबीसॉफ्ट काही हाती लागेना. २७ टक्क्यांपर्यंत पोचून शेवटी मार्च २०१८ मध्ये सगळं दोन अब्ज युरोंना विकून निघाली. त्यात मात्र चांगला नफा झाला. म्हणजे कंपनी मिळाली नाही तेव्हा पैसे मिळाले.

निद्रानाश:
हे सगळं ऐकून मला आता विवेन्डीचीच दया यायला लागलीय. मायक्रोसॉफ्टचा भाग कोणी थोडक्यात सांगा म्हणजे मी ग्रुपवर टाकतो.

तडकाफडकी:
थोडक्यात सांगतो. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कंपनीवर केस टाकली, बायकांशी भेदभाव आणि छळ होतो असे आरोप. कर्मचारी काम सोडून बाहेर उभे राहिले, ब्लिझार्डचा अध्यक्ष गेला, शेअर पडला. पडलेल्या शेअरवर सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्ट आली, ६८.७ अब्ज डॉलर्स, सगळे रोख. ती कॅलिफोर्नियाची केस डिसेंबर २०२३ मध्ये ५.४ कोटी डॉलर्सच्या आसपास मिटली, आणि सर्वत्र छळ होता असं कुठल्या कोर्टाने ठरवलेलं नाही असं त्या समझोत्यात लिहिलंय, तेही सांगायला हवं.
सौदा मात्र जवळपास पावणेदोन वर्षं लटकला. अमेरिकेत बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या एफटीसीने डिसेंबर २०२२ मध्ये आडकाठी केली, जुलै २०२३ मध्ये जज कॉर्लींनी स्थगिती नाकारली. खरा अडसर ब्रिटनच्या तशाच संस्थेचा, सीएमएचा, त्यांनी एप्रिलमध्ये चक्क नाही सांगितलं, कॉल ऑफ ड्यूटी एक्सबॉक्सवरच राहील म्हणून नाही तर क्लाउड गेमिंग (इंटरनेटवरून थेट गेम खेळणं) तुमच्या एकट्याच्या हातात जाईल म्हणून. मग मायक्रोसॉफ्टने पुढच्या १५ वर्षांतल्या गेम्सचे क्लाउडचे हक्क, युरोपीय आर्थिक क्षेत्रातले देश सोडून बाकी जगाचे, दुसऱ्या कंपनीला देऊन टाकले तेव्हा १३ ऑक्टोबर २०२३ ला होकार आला आणि त्याच दिवशी सौदा पूर्ण. कोटिक डिसेंबरअखेर गेला. जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधले १,९०० लोक कमी केले, ब्लिझार्ड सहा वर्षं बनवत असलेला सर्व्हायव्हल गेम रद्द झाला, आणि पहिल्या तिघांतला अ‍ॅलन अ‍ॅडम, जो मधे सोडून पुन्हा आला होता, तोही बाहेर.

मिरी:
@तडकाफडकी "दुसऱ्या कंपनीला" काय, नाव सांगा की! यूबीसॉफ्टला दिले हक्क. जिला विवेन्डी तीन वर्षं गिळायला बघत होती तिलाच.

खतावणी:
हाहा, हे मी जोडलंच नव्हतं.

निद्रानाश:
ग्रुपवर टाकलं. पैज रद्द, तिघांनीही पैसे परत मागितलेत. पाणीवाला मित्र म्हणतोय मी बरोबर होतो, मला तरी द्या.

जुना_जॉयस्टिक:
त्याला द्या. १८५३ सालही सांगा, नाहीतर पुढच्या वेळी दारूवरून वाद होईल.